नाचणगाव एक-दोन-तीन

नागपूर, सोमवार

प्रिय दादा,

हे पाकीट काजल वहिनी तुझ्या ताटाशेजारी ठेवील. तू माझा नंबर ब्लॉक केलास, ऑफिसातल्या मुलीला सांगून ठेवलंस की मंजुषाताईंचा फोन आला तर साहेब साईटवर आहेत म्हणायचं. म्हणून कागद. कागद ब्लॉक करता येत नाही, फाडता मात्र येतो. फाडायचाच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

आधी तुझं अभिनंदन. बाबांनी पेपरातलं ते कात्रण चौकातल्या पानठेल्यावर नेऊन चिकटवलं म्हणे. 'देवळीच्या तेल मिलवर परदेशी हॅकरांचा हल्ला', आणि खाली तुझा फोटो, लॅपटॉपकडे बोट दाखवणारा. त्या लॅपटॉपचा पडदा काळा आहे, दादा. तो सुरूच नाही. नाचणगावात कोणाच्या हे लक्षात आलं नाही आणि बाबा ज्याला त्याला सांगत सुटले, "माह्या पोरानं हॅकरले टक्कर देल्ली." कोणता हॅकर, कुठला, त्याला आपल्या सरकीच्या तेलाशी काय देणंघेणं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. परदेश म्हटलं की आपली माणसं पुढचं विचारत नाहीत, हे तुला बरोबर ठाऊक आहे.

तुझं दुर्दैव एवढंच की विमा कंपनीने विचारलं. पैसे देण्याआधी तपास करा म्हणाले, आणि तो तपास आमच्याकडे आला. कारखान्यातली यंत्रं इंटरनेटला जोडलेली असली की त्यांच्यात कोण शिरतं, काय बदलून जातं, हे बघणं माझा धंदा आहे. गेली नऊ वर्षं तू त्याला 'मंजूचं ते कॉम्प्युटरचं काहीतरी' म्हणतोस. पहिल्याच दिवशी मी माझ्या वरिष्ठ पौर्णिमा मॅडमना सांगितलं की तिथलं बॉयलरच्या पॅनलचं काम माझ्या सख्ख्या भावाने केलंय, ही फाईल मला देऊ नका. त्या म्हणाल्या, तू बघ, पण तुझी प्रत्येक ओळ दुसरा माणूस पुन्हा तपासेल. तशी तपासली गेली. तेव्हा बहिणीने डूख धरला असं कोणाला सांगू नकोस, चालणार नाही.

त्या मिलमधल्या बॉयलरच्या कंट्रोल पॅनलचा पासवर्ड मला शोधावा लागला नाही. पहिल्याच अंदाजाला उघडला. 'नाचणगाव' आणि पुढे एक-दोन-तीन. ज्या गावात आपण दोघं जन्मलो त्याचं नाव तू कुलपाला लावलंस आणि किल्ली कुलपातच ठेवून निघून गेलास. आणि मिलच्या शेठजींना दिलेल्या लेखी खुलाशात काय म्हणतोस? तर पासवर्ड सोपा होता, त्यामुळे आत कोणीही शिरू शकत होतं. वाचून मी मोठ्याने हसले. आपलं काम इतकं भिकार होतं की चोर कोणीही असू शकेल, असा बचाव करणारा मिस्त्री मी आजवर पाहिला नव्हता.

पण आत कोणीही शिरलं नव्हतं. गेल्या वर्षी त्याच विमा कंपनीच्या आग्रहावरून आम्ही तिथे एक छोटी पेटी बसवली. तिचं कनेक्शन तूच दिलंस. ती काही अडवत नाही, बंद करत नाही. कोणत्या फोनवरून, किती वाजता, कोणता हुकूम आला एवढंच लिहून ठेवते. दिवाळीत जेवताना मी तुला हे समजावून सांगत होते, तेव्हा तू म्हणाला होतास, "नुसती आयकते? करत काहीच नाई? मंग कायले पाहिजे हे डबडं?" सगळे हसले होते. मीही हसले, कारण सणाचा दिवस होता.

त्या डबड्याने लिहून ठेवलंय की गणेश जयंतीच्या दिवशी दुपारी बारा वाजून एकेचाळीस मिनिटांनी, तुझ्या नावावर नोंदलेल्या फोनमधून बॉयलरचं एक संरक्षण बंद केलं गेलं. पाणी फार खाली गेलं की भट्टीचा पंखा आपोआप बंद करणारं आणि भोंगा वाजवणारं तेच ते. हे का केलंस तेही कळलं. मिलचा मॅनेजर अंकित याने तुला त्या सकाळी तीन फोन केले होते, की बॉयलर विनाकारण बंद पडून राह्यला, येऊन बघा. पाणी मोजणाऱ्या काडीवर क्षार चढला होता, म्हणून ती खोटं सांगत होती. काडी काढून घासायची, पुन्हा बसवायची. अर्ध्या तासाचं काम. केळझरहून देवळीला यायला तुला किती वेळ लागला असता? पण तू तिथे गणपतीच्या प्रसादाच्या पंगतीत बसला होतास. काजल वहिनीने त्याच वेळी घरच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि तू मान खाली घालून फोनमध्ये. तो फोटो मी रिपोर्टला जोडला नाही. गरज नव्हती, आणि वहिनीचा त्यात काही दोष नाही.

पुढच्या मंगळवारी टाकीचा व्हॉल्व्ह अडकला, पंप कोरडा फिरत राहिला, बॉयलरमधलं पाणी उतरत गेलं आणि भोंगा वाजला नाही. भट्टीवर कामाला असलेल्या कैलासभाऊने बॉयलरच्या काचेच्या नळीत पाणी दिसेना म्हणून ओळखलं. आपला कैलासभाऊ, मारुतीच्या देवळामागे राहणारा, ज्याच्या सायकलवर बसून तू पुलगावच्या शाळेत जायचास. शेजारच्या शेडमध्ये अकरा बाया पोती शिवत होत्या. त्याने ओरडून त्यांना पिटाळलं, पंखा हाताने बंद केला आणि भट्टीतला जाळ ओढून बाहेर काढायला लागला. तेवढ्यात आतली एक नळी फुटली आणि वाफ भट्टीच्या दारातून त्याच्या अंगावर आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, अर्धा चेहरा भाजला. बाया घरी गेल्या, धडधाकट.

इथपर्यंत मी तुला आळशी म्हणेन, निष्काळजी म्हणेन, आणि मनाशी थोडं रडूनही घेईन. पण पेटीत आणखी एक नोंद आहे. त्याच मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी तू पुन्हा आत शिरलास. संरक्षण परत सुरू केलंस आणि पॅनलच्या आठवणीतला सगळा जुना मजकूर पुसून टाकलास. तीन वाजून दहा मिनिटांनी, दादा, कैलासभाऊला टेम्पोत घालत होते. अंकितने अपघाताचा फोन तुलाच पहिला केला होता, आणि तू पहिली गोष्ट काय केलीस तर त्याच फोनवरून पॅनलमधले आपले ठसे पुसलेस. हे लिहिताना मला किळस येते. रागाचं काय, राग जातो.

आणि हॅकरची गोष्ट पुरेना, म्हणून तू दवाखान्यात गेलास. मीही गेले होते, तुझ्यानंतर दोन दिवसांनी. कैलासभाऊच्या भागीरथा वहिनी बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांनी पदराआडून तू लिहून आणलेला कागद काढला. 'माझ्या हातून चुकून बटन दाबले जाऊन संरक्षण बंद पडले.' सुवाच्य अक्षर, खाली अंगठ्यासाठी जागा, कारण सही करायचा हात पट्टीत होता. तेवढा विचार तू केला होतास. "भाऊ म्हणे, एवढं करून दे, मी तुले दुसरीकडं लावून देतो," त्या म्हणाल्या. आत कैलासभाऊने माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं आणि विचारलं, "मंजूताई, मायाच हात लागला असन का वो कुठं? मले त आठवत नाई. पन भूपेंद्रभाऊ एवढा शिकलेला मानूस, तो काऊन खोटं बोलन?" ज्या माणसाने अकरा जणींना वाचवलं त्याला तू दोन दिवसांत स्वतःवर संशय घ्यायला लावलंस. तो कागद आता माझ्याकडे आहे. अंगठा उमटलेला नाही.

मला त्या बाकावर आपल्या शेतावरचा तुळशीराम आठवला. तू विसरला असशील. विहिरीची मोटर सारखी बंद पडायची म्हणून तू स्टार्टरच्या बटणात आगपेटीची काडी खुपसली होतीस. मोटर जळाली. बाबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, तुळशीरामने काही केलं असेल. आपल्या सालदाराला बाबांनी त्याच दिवशी काढलं. वळकटी काखोटीला मारून तो पुलगाव स्टेशनच्या वाटेने चालत गेला, मागे वळून न बघता. मी बारा वर्षांची होते. काडी खुपसताना मी तुला बघितलं होतं, आणि मी बोलले नाही, कारण तू मला जत्रेला गिरडला नेणार होतास. तू मला नेलंसही. तेव्हा हा सगळा तिरस्कार तुझ्या एकट्याच्या वाट्याचा नाही. त्यातला एक घास मी पंचवीस वर्षं गिळतेय. या वेळी गिळणार नाही एवढंच.

रिपोर्ट शुक्रवारी गेला. विमा कंपनीला, शेठजींना आणि बॉयलर तपासणाऱ्या सरकारी साहेबांना. कैलासभाऊचं नाव त्यात एकदाच आहे, अकरा जणींना वाचवल्याच्या ओळीत. तुझं नाव नऊ वेळा आहे. आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती उठून आत गेली. बाबा म्हणाले की तू सख्ख्या भावाच्या मुळावर उठलीस. म्हणोत.

पण हे सगळं ऐकवायला मी पत्र लिहिलेलं नाही. ते तुला माहीतच आहे, आणि तुझ्यात पश्चात्ताप जागवता येईल असं मानण्याइतकी मी भाबडी राहिले नाही. आमची पेटी फक्त त्या एका मिलमध्ये होती. ती सोडून तू जिल्ह्यात आणखी बावीस ठिकाणी बॉयलरचे पॅनल बसवलेस, असं तूच छाती फुगवून सांगतोस. त्यातले सात मला माहीत होते. सातही ठिकाणी मी फोन करून काय तपासायचं ते सांगितलं, आणि दोन ठिकाणी तेच संरक्षण बंद सापडलं, तुझ्याच हाताने, घरबसल्या केलेलं. उरलेले पंधरा कुठे आहेत, दादा? सरकारी साहेब शोधतील, पण त्यांना वेळ लागेल, आणि या घडीलाही पंधरा भट्ट्यांसमोर कोणीतरी उभं आहे, भोंग्याच्या भरवशावर. मला तुझी कबुली नको, माफी नको, राखीला घरी येऊ नकोस म्हणालास तेही चालेल. फक्त पंधरा नावं दे. या कागदाच्या मागे लिही आणि वहिनीकडे दे, ती मला फोनवर वाचून दाखवेल. मी उद्या सकाळी सेलूपासून सुरुवात करतेय. नावं आली तर तीन दिवसांत सगळीकडे पोचेन. नाही आली तर जिथे धुराडं दिसेल तिथे गाडी थांबवीन, आत जाईन, आणि विचारीन की इथलं काम माझ्या भावाने केलंय का.

तुझीच, कारण हे काही बदलता येत नाही,
मंजू