चुंबक बंद केल्यावर

सर, तुमच्या खोलीत आता मी बसते. तुमची खुर्ची पहिल्याच आठवड्यात भंगारात दिली. तुमच्या शोकसभेत लोक तुमच्या शिस्तीचे गोडवे गात होते, तेव्हा मी मागच्या बाकावर दात आवळून बसले होते. आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे, तेही प्रेमाने नाही.

ती खंडेनवमी आठवते? प्रयोगशाळेतल्या प्रत्येक यंत्राला तुम्ही स्वतः हळदकुंकू वाहता आहात, झेंडूची माळ घालता आहात. आम्ही मुलींनी दाराबाहेर थांबायचं, हा तुमचा नियम. काचेवर धातूची पातळ फिल्म चढवायच्या यंत्राचं झाकण उघडं आहे, आत माझी पुसून ठेवलेली काच आहे. तुमची चिमूटभर कुंकवाची भक्ती तिथेही पोचते. दसऱ्यानंतर फिल्म डागाळलेली निघाली, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, "तुझ्या हातात काही टिकतच नाही. घरी जा, पोळ्या लाट." परिचर मामा नंतर व्हरांड्यात कुजबुजले, "कुंकू सरांनीच टाकलं व्हतं ताई. पन त्यांना सांगनार कोन?" त्यांना नोकरी हवी होती, मला शिफारसपत्रावर तुमची सही. ती तुम्ही शेवटपर्यंत दिली नाहीत. मी नाशिक सोडलं, पुण्यात सगळं पहिल्यापासून सुरू केलं, आणि तुमच्यानंतर तुमच्याच जागेवर इथे परत आले.

आता ऐका. काही अणूंच्या जाडीच्या कोबाल्टच्या थरात चुंबकत्वाचे बारीक भोवरे उमटतात, डोक्यावरच्या केसांच्या भोवऱ्यासारखे. पुढेमागे त्यांत माहिती साठवता येईल, पण आधी ते टिकायला हवेत. बाहेरून मोठ्या चुंबकाचा जोर आहे तोवर ते राहतात, जोर काढला की पुसले जातात. तो काढूनही ते राहावेत म्हणून मी खाली प्लॅटिनम, वर दुसरा धातू, थर जाड कर, बारीक कर, असं वर्षानुवर्षं करते आहे. लोकांना वाटतं, मला विज्ञानाची ओढ आहे. मला तुमच्या त्या एका वाक्याचं तोंड बंद करायचं होतं.

तुमच्या हयातीत चुंबकाच्या बटणाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. काल माझ्या विद्यार्थिनीने ते फिरवून शून्यावर आणलं. छत कोसळलं नाही. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बघून ती ओरडलीच, "मॅडम, आहेत! अजून आहेत!" आम्ही गंगापूर रोडवर चहा पिऊन आलो, तरी होते. आज सकाळी कुलूप उघडलं, तरी होते. सगळ्यांना पेढे वाटले. तुमच्या फोटोपुढे ठेवला नाही.

इथेच थांबले असते तर हे पत्र त्या फोटोमागे खोचलं असतं. पण तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पहिला प्रश्न काय विचाराल, ते मला ठाऊक आहे: हे उमटले कसे? तर सर, उमटवायला आधी चुंबक लावावाच लागतो, तोही चांगला जोरात. नाहीतर फिल्म कोरीच राहते. हे तुम्हाला कळावं अशी माझी मुळीच इच्छा नाही, म्हणून पत्र फाडते आहे.