पिकअपच्या दम्याचा शास्त्रशुद्ध तपास

मंगळवार, २० जानेवारी. सकाळी ७
आजपासून गाडीची रोजनिशी. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होतो, निरीक्षण हाडात मुरलंय. रिटायर झाल्यावर लोक गुडघे चोळत बसतात. मी जुनी पिकअप घेतली आणि मिरचीची भाडी मारतो.

काल एक शोध लावला. वाळलेली मिरची वाहिली की तिचा भुगा आणि रस्त्याची धूळ इंजिनात जाते. म्हणून हवा ज्या पाइपातून आत जाते, त्याच्या तोंडाला मलमलचं फडकं सुतळीने आवळून बांधलं. लॅबमध्ये आपण सगळं गाळूनच घेतो. कंपनीच्या इंजिनिअरांना एवढं सुचू नये? कोणाला सांगायचं नाही. पेटंटचा विषय आहे.

फडकं स्वयंपाकघरातलं. एका फडक्याने कोणाचं अडत नाही.

शनिवार, २४ जानेवारी
म्हसावद ते शहादा पस्तीस मिनिटांऐवजी बेचाळीस. गाडी किंचित सुस्त. कारण: थंडी. मलाही सकाळी तसंच होतं.

चारुलताने विचारलं, "मन्हं चक्का बांधानं फडकं कोठे शे?" तिला सांगितलं, प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा हवी, आमच्या लॅबमध्ये होती. म्हणाली, फडकं नाही तर तुमच्या वाढदिवसाचं श्रीखंड नाही. घ्या. बायकोचा वेंधळेपणा आणि उपास मला.

बुधवार, २८ जानेवारी
पन्नास मिनिटं. चढावर काळा धूर. निदान: डिझेल भेसळीचं. पंप बदलला.

गुरुवार, २९ जानेवारी
त्रेपन्न. नव्या पंपाचं डिझेलही भेसळीचं.

शुक्रवार, ३० जानेवारी. दुपारी
मेव्हणा हेमकांत आला. त्याचा मंडपाचा धंदा, खुर्च्या वाहायला पिकअप हवीच आहे. "दाजी, आते इले आराम द्या," म्हणाला. आराम गाडीला की मला, ते कळलं नाही.

चारुलताने लगेच निकाल दिला. महाशिवरात्रीला तिच्या बचत गटाचा पापड-कुरडयांचा स्टॉल तोरणमाळच्या यात्रेत आहे. बाया आणि माल घेऊन गाडी घाट चढली तर ठेवायची. नाही चढली तर हेमकांतला. मी ऐटीत हो म्हणालो.

गाडी गेली तर दिवसभर घरात बसून मी काय करू? भीती वाटते. कोणाला बोललो नाही. इथे लिहितो.

रविवार, १ फेब्रुवारी
ईश्वरच्या गॅरेजला गेलो. हा आमच्याच शाळेचा. लिटमस पेपर निळा की लाल, हे त्याला मीच हळूच सांगायचो. इंजिन ऐकून म्हणाला, "काका, गाडीले हवा भेटी नही ऱ्हायनी. फिल्टर उघाडीसन देखूत."

स्पष्ट नाही म्हणालो. फिल्टरचं खातं माझ्याकडे आहे आणि तिथे व्यवस्था अत्युत्तम आहे. बाकी हवं ते उघड. त्याने बाकी सगळं उघडलं. सगळं ठणठणीत निघालं. मुलाची नजर कच्ची.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
आज उसाच्या ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं. मागे दोन ट्रॉल्या होत्या.

घरी येऊन फडकं तपासलं. लालभडक! एवढी घाण बाहेरच अडली, म्हणजे प्रयोग शंभर टक्के यशस्वी. तरी थोडी आत जात असणार, नाहीतर गाडी मरगळली का असती? यशस्वी वस्तू काढायची नसते. पहिलं तसंच ठेवून त्यावर दुसरं बांधलं.

चारुलता घरात दुसरं फडकं शोधते आहे. डोळे तपासून घे म्हणालो.

रविवार, ८ फेब्रुवारी
नवं निदान: वजन. स्टेपनी, जॅक, सीट कव्हर, आरशाला लोंबणारी लिंबू-मिरची, सगळं उतरवलं. बाजारातून येताना चारुलतालाही उतरायला सांगितलं, केवळ प्रयोग म्हणून. ती उतरून चालू लागली. मी घरी पोहोचलो तेव्हा ती चहा पिऊन कप विसळत होती.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
सायकलवाला दूधवाला पुढे गेला. त्याने हात केला. मी केला नाही.

तीन दिवस उरले. आता हात आखडता घेऊन चालणार नाही. शाळेने निरोप समारंभात दिलेली शाल पेटीतून काढली, दुमडली आणि दोन्ही फडक्यांवर घट्ट बांधली. थोडं भरून आलं. एवढं केल्यावर कणभरही धूळ आत जाणार नाही. घाट म्हणजे किरकोळ.

रविवार, १५ फेब्रुवारी. महाशिवरात्र. संध्याकाळी, तोरणमाळ
मोजकंच लिहितो.

पहाटे निघालो. मागे पापडांचे डबे आणि गटाच्या सहा बाया, पुढे चारुलता. घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. सगळ्यांना समजावलं, उंचीवर ऑक्सिजन विरळ असतो, इंजिन तरी काय करणार. सत्तरीच्या गजराबाई खाली उतरल्या. "तू बठ गाडीमा, भाऊ, आम्ही लोटतस." बायांनी पिकअप लोटली. ऑक्सिजन कमी असून एकीलाही धाप लागली नाही, याची नोंद केली.

तिसऱ्या वळणावर लोटणंही थांबलं. चारुलता वर घाटाकडे बघत होती. हेमकांतला फोन लावू का, एवढंच तिने विचारलं. मी पुन्हा एकदा किल्ली फिरवून पाहिली.

तेवढ्यात पायी यात्रेला निघालेला वाहरू थांबला. वरच्या पाड्याचा, ट्रॅक्टर चालवतो. त्याने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "काका, गाडीला काय झालं नाय. कोणीतरी तिचं नाक बांधलंय."

आधी शाल निघाली. "अन् हाई तुमनी शाल!" चारुलता. मग फडकं. "हाई मन्हं!" मग आणखी एक. "हाई बी मन्हं!" वाहरूने शेवटचं झटकलं आणि आम्ही नऊही जण शिंकायला लागलो. माकडंसुद्धा झाडावरून पळाली.

शिंका थांबल्यावर चारुलताने किल्ली वाहरूला दिली. बाया चढल्या. मी ऐतिहासिक पुरावे गोळा करत होतो, तोवर पिकअप सुटली ती दिसेनाशीच झाली. ती इतकी पळते, हे मी विसरूनच गेलो होतो.

वर पायी आलो. खांद्यावर शाल होती. शिंकत होतो, त्यामुळे यात्रेकरूंनी आदराने वाट करून दिली.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. वाढदिवस. रात्री जेवणानंतर
निष्कर्ष: इंजिनात मिरचीचा एक कणही सापडला नाही, असं ईश्वरने स्वतः पाहून सांगितलं. म्हणजे मूळ शोध बरोबर होता. हवेचा मुद्दा नजरचुकीने राहिला.

हेमकांतला चारुलताने कळवलं, "गाडी देवानी नही." म्हणजे द्यायची नाही. आनंदाने मी उठून उभा राहिलो. मग तिने पुढचं सांगितलं. गाडी आता बचत गटाचा माल वाहील, वाहरू चालवेल, किल्ली तिच्या कमरेला. मला बसायची परवानगी आहे. मागे.

रात्री श्रीखंड झालं. चक्का त्याच फडक्यात बांधला, मग ते धुऊन ठरल्या जागी ठेवलं, म्हणाली. श्रीखंडाचा रंग सुरेख गुलाबी. केशर का, असं विचारणार होतो, विचारलं नाही. पहिल्या चमच्याला कान तापले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. ती समोर बसून पाहत होती. कसं झालंय, तिने विचारलं.

छान म्हणालो. तिने दुसरी वाटी भरली.