चाचणीचा पासंग

१० जाने. १९७२, सोम.

ऑब्जेक्टिव्ह चाचणीचा खरा खर्च आज मांडून पाहिला. स्टेन्सिल नि शाई कॉलेजची. माझे गेले ते दोन रविवार, एक पांढरा शर्ट (सायक्लोस्टाइलची शाई साबणाला ऐकत नाही) आणि विभागप्रमुख देशपांडे सरांची मर्जी. शर्टाचं मंगलनं पायपुसणं केलं. मर्जीचं काय करायचं ते अजून...

एस.वाय.च्या वर्गाला दिली. प्रश्नाखाली चार उत्तरं, बरोबर वाटेल त्यावर खूण. मागच्या बाकावरून आवाज : "सर, हे तर लॉटरीचं तिकीट हाय." म्हटलं, "लागली तर अर्धं बक्षीस माझं."

१३ जाने.

विभागाची मीटिंग. पुढच्या वर्षी केमिस्ट्री स्पेशल मागणारी मुलं जास्त, लॅबमधले ओटे आहेत तेवढेच. निवडायचं कशावर? दे. सर म्हणाले, लांब उत्तरांचा पेपर, पूर्वीपासून चालत आलंय. शेख म्हणाले, तोंडी घ्या, पाच मिनिटांत माणूस कळतो. मी म्हटलं, ऑब्जेक्टिव्ह.

तोंडीवर माझा विश्वास नाही, त्याचं कारण मीटिंगमध्ये सांगितलं नाही. पारनेरकडचा हेल कानावर आला की माझाच हात सैल सुटतो. शेखांचा कुणासाठी सुटतो तेही मला ऐकू येतं.

प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले, "जी परीक्षा भरवशाची, तिच्यावर यादी लावू. भरवशाची कुठली ते दाखवा, सांगू नका."

१४ जाने.

संक्रांत. दे. सरांनी तिळगूळ दिला. "गोड बोला ठुबे. निदान आज."

१८ जाने., मंगळ.

गेल्या आठवड्यात एका मुलाचा लांब उत्तरांचा पेपर दोघांना दिला होता. मार्क पेपरवर नाही, चिठ्ठीवर लिहायचे. दे. सरांनी वीसपैकी तेरा दिले, शेखांनी आठ. आज तोच पेपर, नाव झाकून, पुन्हा दे. सरांपुढे ठेवला. नऊ.

"सर, हा तोच पेपर."

"अशक्य."

नावावरची पट्टी काढली. दे. सरांनी पेपर उलटसुलट करून पाहिला. मग, "त्या दिवशी आधी चहा झाला असेल माझा." आणि स्वतःच मोठ्यानं हसले. माणूस दिलदार. हरला तरी वही आपटत नाही.

२४ जाने., सोम.

ऑब्जे. पुन्हा घेतली. प्रश्न तेच, क्रम उलटा. मार्क ताडून पाहिले. वरचे वर, खालचे खाली. एकदोन मार्कांचा फरक, तोही थोड्यांचाच.

तडक प्राचार्यांकडे. म्हटलं, "सर, काटा सोन्याचा आहे. कितीही वेळा तोला."

"मग हाच लावू."

जिन्यात शेख भेटले. "ठुबे, छाती आत घ्या, दारातून जायचंय."

मार्कांची यादी वाचताना एक नाव टोचलं. सुशीला गर्जे. दोन्ही खेपेला तळाला.

२७ जाने.

प्रॅक्टिकल. गर्जेला मुद्दाम ओळखायला अवघड क्षाराची पुडी दिली. ज्योतीचा रंग पाहिला, दोन नळ्या केल्या, सांगून टाकलं. बरोबर. कुंदा इनामदार (वर्गात पहिली, नगरातली) शेजारी अजून पहिलीच नळी हलवत होती. मग गर्जे तळाला कशी?

गर्जे तिसगावकडची. आईबाप ऊसतोडीला जातात, मामाकडे वाढली. सहज विचारलं, यादीत नाव नाही आलं तर बॉटनी घेशील?

"न्हाई सर. मामा म्हनतील, घरी चल."

मामा कारखान्यात चौकशी करून आलेत. लॅबमध्ये केमिस्ट म्हणून मुलगी घेतील म्हणे, पण केमिस्ट्रीचीच. ती लागली तर आईबापांचं फडावर जाणं थांबेल. केमिस्ट्री नाही तर कॉलेजही नाही. हे सगळं तिनं बर्नर बंद करता करता सांगितलं, माझ्याकडे न बघता.

२९ जाने., शनि.

बॅलन्स-रूमच्या दाराशी होतो. आत दोघी.

कुंदा : "वीक म्हणजे डायल्यूट नव्हे गं."

गर्जे : "मंग काय? वीक मंजी सौम्य. सौम्य मंजी पानी घातलेलं. शाळेत तसंच हुतं."

"तुझी शाळा म्हणजे..."

"माझी शाळा ऱ्हाऊ दे. ती बाटली बघ की. 'सौम्य' लिवलंय. सरांनीच लिवलंय. आन् आत पानी घातलेलंच हाय."

आत गेलो नाही. सरळ स्टाफरूममध्ये येऊन दोन्ही खेपेचे पेपर पसरले. जिथे वीक किंवा स्ट्राँग हा शब्द, तिथे खेड्यातल्या शाळांतून आलेल्या बहुतेकांची खूण एकाच चुकीच्या उत्तरावर. दोन्ही खेपेला. असे प्रश्न मी हौसेनं पुष्कळ घातले होते.

चिंचेचा कोळ कितीही घट्ट करा, ते आम्ल वीकच. बॅटरीतल्या ॲसिडचा थेंब बादलीभर पाण्यात टाका, पातळ होईल, पण जात स्ट्राँगच. दोन वेगळ्या गोष्टी. आणि मराठीत आम्ही वीकला नि डायल्यूटला एकच शब्द लावून मोकळे. सौम्य.

लहानपणी पारनेरच्या बाजारात माझ्या मामांच्या दुकानी मी काटा धरायचो. एकदा पारड्याच्या बुडाला गुळाचा खडा चिकटून राहिला. दिवसभर तोलला तरी वजन तेच. तेच, आणि चूक. संध्याकाळी मामांनी रिकामा काटा उचलून दाखवला, एक पारडं खालीच. म्हणाले, "तोलायच्या आधी पासंग बघावा गड्या. गिऱ्हाइकाला तोंड मग दाखवावं."

सोमवारी प्राचार्यांकडे जायला हवं. नाही गेलं तर कुणाला कळणारही नाही, हेही खरं.

१ फेब्रु., मंगळ.

काल पाय निघाला नाही. आज आधी गर्जेला बोलावलं. सौम्य नाही, वीक नाही, कुठलाच शब्द न वापरता विचारलं : चिंचेचा कोळ आटवून आटवून घट्ट केला तर गंधकाच्या ॲसिडासारखा होईल?

"कसा होईल सर? घट्ट झाला तरी चिंचच की ती."

मग प्राचार्यांकडे. दे. सर तिथेच बसलेले, तेही बरंच. म्हटलं, सर, माझा काटा परत घेतो. दोनदा तेच वजन दाखवतो, पण पासंग आहे त्यात. खेड्यातल्या मुलांचं वजन कमी भरतंय.

दे. सर बोलले. "ठुबे, मी चहात बुडालो, तुम्ही पाण्यात."

यादी पंधराला लागायची आहे. तोवर चाचणी दुरुस्त करून पुन्हा दोनदा घ्यायची. प्राचार्यांनी वर एक अट घातली : प्रश्न ठुबे-देशपांडे दोघांनी मिळून काढायचे.

५ फेब्रु., शनि.

दे. सरांच्या घरी बसलो. प्रत्येक प्रश्न मी मोठ्यानं वाचायचा, त्यांनी म्हणायचं, "यात दुसरा अर्थ निघतो." निघायचाच. त्यांचा हा खवटपणा इतकी वर्षं वाया जात होता.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा प्रश्न. दे. सर म्हणाले, विरल लिहा, शासकीय शब्द आहे. लिहिला. पोरांनी 'विरळ' वाचला, एक म्हणाला, "केसांवानी का सर?" शेवटी मी सरळ 'पाणी घातलेले' असं लिहून चिकटवलं.

८ फेब्रु.

नवी चाचणी, पहिली खेप. खालची बरीच वर आली. गर्जे तर चांगलीच वर, ओटा मिळेल इतकी. घरी येताना केडगावच्या चढावर सायकलवरून उतरावं लागलं नाही. मंगल म्हणाली, "आज काय, पगार वाढला?"

१४ फेब्रु., सोम.

दुसरी खेप. तपासून झाले. दे. सरांनी तपासले, मी तपासले, आमच्या दोघांत फरक नाही. फरक मुलांत आहे. कुणी चार वर, कुणी पाच खाली. पहिल्या चाचणीत चूक ठरलेली होती, म्हणून मार्क हलत नव्हते. आता विचार करू लागलीत, तर हलतायत.

गर्जेला व्हरांड्यात गाठलं. काय झालं गं?

"पयल्या खेपेला भराभरा टिका केल्या सर. आज लई विचार केला. तितंच चुकलं."

शेख म्हणाले, सरासरी काढा. दे. सर म्हणाले, दोन चुकांची सरासरी म्हणजे तिसरी चूक. प्रॅक्टिकलचे मार्क धरावेत असं मी सुचवलं. प्राचार्य म्हणाले, "ते भरवशाचे कशावरून?"

यादी उद्या सकाळी. दोन्ही खेपेचे मार्क जुळत नाहीत. गर्जे पहिल्या खेपेत आत आहे, दुसऱ्या खेपेत बाहेर.