मी कोणीच नव्हतो हे सिद्ध करताना

४ मार्च, संध्याकाळ
आज कंपनीने मला काढलं. म्हणजे तसा प्रयत्न केला. पंख्यांचा कारखाना आहे आणि मी उत्पादन विभागाचा वरिष्ठ महाव्यवस्थापक. मला काढणं म्हणजे छतातला हूक काढण्यासारखं आहे. पंखा खाली येणारच.
आरोप असा: उन्हाळ्याची ऑर्डर वेळेत जावी म्हणून पंख्यांची तोल-तपासणी गाळायचा आदेश मी दिला, म्हणून गिऱ्हाइकांच्या घरी पंखे डगमगले आणि माल परत आला. आदेश दिला होता हे खरं. भर मीटिंगमध्ये, टेबलावर हात आपटून दिला होता. पण चौकशी नको? माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला नको? मोठ्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, केबिनमध्ये बोलावलं, उभ्या उभ्या पत्र हातात दिलं. खुर्चीवरचा माझा कोट सिक्युरिटीवाला गेटवर घेऊन आला.
हिला सांगितलं, घाबरू नकोस, दोन दिवसांत माफी मागत येतील. माझ्याशिवाय तिथे पानही हलत नाही.

७ मार्च
कोणी आलं नाही. तोंड दाखवायला लाजत असतील.
हो-साहेबाला फोन केला. हो-साहेब म्हणजे माझा उपव्यवस्थापक. मी काहीही सांगितलं की तो 'हो साहेब' म्हणतो, म्हणून हे नाव मीच ठेवलं. विचारलं, किती बोजवारा उडालाय? म्हणाला, साहेब, सगळं सुरळीत आहे, तुम्ही अजिबात काळजी करू नका. बिचारा! मला त्रास नको म्हणून खोटं बोलतो.

११ मार्च
संकल्प: रोज पहाटे उठून कायद्याचा अभ्यास. स्वतःची केस स्वतः समजून घेणारा माणूस अर्धी लढाई जिंकतो.

१२ मार्च
उठायला उशीर झाला. कायदा काही कुठे पळून जात नाही.

१९ मार्च
मेव्हण्याच्या ओळखीने एका वकीलबाईंकडे गेलो. वय कमी, बोलणं फार स्पष्ट. मी माझ्या कारकिर्दीचा आढावा घ्यायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, ते राहू द्या, पहिल्यांदा रस्ते समजून घ्या.
रस्ते दोन. मॅनेजर म्हणून दावा लावला तर मोठं कोर्ट, अनेक वर्षं, आणि शेवटी फार तर नोटिशीचा पगार. नोकरी परत मिळणार नाही. कामगार न्यायालयात गेलो तर नोकरी परत मिळू शकते. पण तिथे आधी मी कामगार ठरलो पाहिजे.
मी हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, साहेब, कोर्ट हुद्दा बघत नाही, काम बघतं. हाताखाली खरोखर कोणी होतं का, तुमच्या शब्दाने काही घडत होतं का, स्वतःच्या अधिकारात कधी कोणाची रजा तरी मंजूर केलीत का. काहीच नव्हतं असं आपण दाखवायचं. नावाचे मोठे, बाकी काही नाही.
सांगितलं, विचार करून कळवतो. जिना कठडा धरून उतरलो. जिना फार उभा आहे.

२० मार्च
हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, मग सांगा की तसं. त्यात काय अवघड आहे?
काय अवघड आहे हेच तिला कळलं नाही. इतकी वर्षं संसार करून.

२ एप्रिल
ठाम निर्णय: कामगार न्यायालयात जाणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. नोकऱ्यांना काय तोटा आहे?

२४ एप्रिल
एका कंपनीत मुलाखत. समोर बसलेले तिघेही माझ्या मुलीच्या वयाचे. विचारलं, आधीच्या ठिकाणी तुम्ही नेमकं काय करत होता? मी नेतृत्व, दूरदृष्टी, मार्गदर्शन या विषयांवर सविस्तर बोललो. त्यातल्या एकीने विचारलं, हो, पण सकाळी ऑफिसला आल्यावर काय करत होता? उथळ प्रश्न. नंतर कळवतो म्हणाले. दबून गेले असावेत.

३० मे
कळवलं नाही. ही चौथी कंपनी. चोपन्नाव्या वर्षी माणूस कोणालाच नको असतो हे आज मेव्हण्यानेही बोलून दाखवलं. गरज नव्हती.
घराचं कर्ज हिच्या शाळेच्या पगारावर चाललंय. संध्याकाळी मुलगी आपणहून म्हणाली, बाबा, मी पुढच्या शिक्षणाचं पुढच्या वर्षी बघते, घाई नाही. हसत म्हणाली. मला ते हसणं सहन झालं नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

३१ मे
वकीलबाईंना फोन केला. कामगार तर कामगार. शिरजोरीला डावपेचांनीच उत्तर द्यावं लागतं. मोठी माणसं वेळप्रसंगी लहान होऊ शकतात, हाच तर त्यांचा मोठेपणा.

२२ ऑगस्ट
साक्ष जवळ आली. घरी तालीम. ही डायनिंग टेबलाच्या पलीकडे, कंपनीचा वकील म्हणून. विचारलं, कारखान्यात निर्णय कोण घ्यायचं?
मी म्हणालो, मीच, दुसरं कोण?
मुलीने कपाळावर हात मारला. पुन्हा. पुन्हा. पाचव्या खेपेला 'मला अधिकार नव्हते' एवढं बोललो. पण ही म्हणाली, चेहरा बघा तुमचा, जगाचा मालक बसलाय असं वाटतं. आता चेहऱ्याची तालीम उद्यापासून.

५ सप्टेंबर, कोर्टातून आल्यावर
 जमेल तसं लिहितो.
सकाळी वकीलबाईंनी बजावलं होतं, प्रश्नापुरतं उत्तर, आणि बढाई नाही. मी दुखावलो. मी कधी बढाई मारली?
सुरुवात उत्तम झाली. अधिकार नव्हते. आदेश वरून यायचे. मी सही करायचो. न्यायाधीश लिहून घेत होते. ही मागच्या बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.
मग कंपनीचा वकील उठला. सोनेरी चष्मा, आवाज मधासारखा. मला सर म्हणाला. बाहेर पडल्यापासून मला कोणी सर म्हटलं नव्हतं. म्हणाला, सर, कारखान्यात आग लागली त्यानंतर सगळे हातपाय गाळून बसले होते, तेव्हा हा कारखाना आठवड्याच्या आत पुन्हा सुरू झाला. आम्हाला आजही त्याचं आश्चर्य वाटतं. हे कोणी केलं, सर?
उत्तर पाठ होतं: सगळ्यांनी मिळून. जिभेवर आलंही होतं.
मी म्हणालो, मी.
म्हणाला, आणि नवी लाइन? मी. माणसं कुठे लावायची हे कोण ठरवायचं? मी. आणि तोल-तपासणी गाळायची, हा धाडसी निर्णय? मी म्हणालो, धाडस लागतंच हो, माझ्याशिवाय तिथे पानही हलत नव्हतं.
वकीलबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. मोठे साहेब समोर बसले होते, त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तेव्हा मला कळलं.
रिक्षात ही बाहेर बघत बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही आज कंपनीची केस जिंकून दिलीत.
मी शपथ घेतली होती. शपथेवर खोटं कसं बोलणार? हा मुद्दा कोणी लक्षातच घेत नाही.

९ सप्टेंबर
मुलगी खोलीत येते. चहा ठेवते, जाते. माझ्यामुळे घर हातचं गेलं तर काय करायचं? हा विचार सोडून दुसरा येत नाही.

१४ सप्टेंबर
वकीलबाईंचा फोन. एकच आशा उरली आहे, तुमच्या विभागातले साक्षीदार. मी स्वतः कारखान्याच्या गेटवर जाऊन बोलते म्हणाल्या. मी सांगितलं, येणार नाहीत. माझ्या धाकात वाढलेली माणसं. माझ्याविरुद्ध, म्हणजे माझ्या बाजूने, असं कसं बोलतील?

१७ नोव्हेंबर
आले! पहिली माझी सेक्रेटरी. साधी, मितभाषी बाई. आज काय बोलली! म्हणाली, साहेबांची सही प्रत्येक कागदावर असायची, पण साहेब वाचून सही करायचे तोवर मालाच्या गाड्या सुटून गेलेल्या असायच्या. मग सही कशाला घ्यायची, असं विचारलं तर म्हणाली, साहेबांना बरं वाटायचं.
अभिनय असावा तर असा. मला क्षणभर राग आला, इतकं ते खरं वाटलं. वकीलबाईंनी तालीम कडक घेतलेली दिसते.

१८ नोव्हेंबर
आज हो-साहेब. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर त्याने मला नमस्कार केला. वकीलबाईंनी विचारलं, तपासणी गाळायचा आदेश अर्जदाराने दिला होता का? म्हणाला, दिला होता. मग तुम्ही गाळलीत? छे, म्हणाला, कशी गाळणार? प्रत्येक पंखा तपासून गेलाय. पात्यांचा पत्रा बदलला होता, तो बदलायचा निर्णय वरचा. पंखे त्याने डगमगले.
साहेबांचा आदेश मोडलात?
मोडला नाही हो, म्हणाला. साहेब काही सांगायचे, आम्ही हो साहेब म्हणायचो. मग आम्ही चौघे जण कँटीनमध्ये बसून काय करायचं ते ठरवायचो. पहिल्यापासून तीच पद्धत आहे.
कोर्टात हशा पिकला. मी उठून उभा राहिलो. हिने कोपर धरून खाली बसवलं. तिची पकड इतकी घट्ट असेल असं वाटलं नव्हतं.
सोनेरी चष्मा मात्र चवताळला. माझ्यासाठी भांडला हो! म्हणाला, एवढा अनुभवी माणूस, एवढा हुद्दा, त्याच्या शब्दाला काहीच वजन नाही, हे कोणाला पटेल? आगीनंतर कारखाना यांनीच उभा केला ना? हो-साहेब म्हणाला, आगीच्या आठवड्यात साहेब मालकांसमोर प्रेझेंटेशन करत होते, म्हणून तर आम्हाला शांतपणे काम करता आलं.
अख्ख्या कोर्टात माझी खरी किंमत ओळखणारा एकच माणूस, आणि तो समोरच्या बाजूचा.

३ डिसेंबर
निकाल राखून ठेवलाय. जेवण जात नाही. हिने शाळेत जादा तास घेतले आहेत. मी भांडी घासतो. नीट निघत नाहीत, ही नंतर गुपचूप पुन्हा घासते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२७ जानेवारी
जिंकलो! नोकरी परत, मधला पगारही परत. ही कोर्टाच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर रडली. मुलीने मिठी मारली. वकीलबाईंचा हात इतका वेळ धरून राहिलो की त्यांनीच तो सोडवून घेतला.

२८ जानेवारी
शांतपणे निकाल वाचला. 'अर्जदाराने आपलं महत्त्व शपथेवर, विस्ताराने सांगितलं आहे. परंतु त्याला दुजोरा देणारा कोणताही पुरावा कंपनीलाही आणता आलेला नाही. अर्जदाराच्या या म्हणण्यावर न्यायालय विश्वास ठेवू शकत नाही. अर्जदाराच्या आदेशाने कारखान्यात काही घडल्याचं एकही उदाहरण नाही.'
दोनदा वाचला. म्हणजे मी खरं बोललो ते कोर्टाला पटलं नाही, म्हणून जिंकलो.
वकीलबाईंना फोन केला. म्हटलं, अभिनंदन, साक्षीदारांची तयारी जबरदस्त करून घेतलीत, किती दिवस लागले?  बाई म्हणाल्या, साहेब, मी त्यांना काहीच शिकवलं नाही. खरं ते सांगा एवढंच म्हटलं. आणि दोघेच निवडले. यायला अख्खा विभाग तयार होता.
का, विचारलं. म्हणाल्या, तुमचे उपव्यवस्थापकच म्हणाले, साहेब मीटिंगमध्ये बोलत असतात तेवढा वेळ मालक आमच्याकडे फिरकत नाहीत. साहेब गेल्यापासून रोज डोक्यावर येऊन बसतात. काहीही करून साहेबांना परत आणा.
फोन ठेवला. हिला विचारलं, तुला हे माहीत होतं? ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, अहो, हो-साहेबाची बायको माझ्याच शाळेत आहे ना. घडी घालत राहिली. वर बघितलं नाही.

२९ जानेवारी
आज मन अगदी खचलंय. खोटं कशाला लिहू.

३० जानेवारी
वकीलबाईंना पुन्हा फोन. निकालातल्या त्या परिच्छेदाविरुद्ध अपील करता येईल का? बाई म्हणाल्या, जिंकलेल्या माणसाला अपील नसतं. आणि साहेब, कृपा करून कंपनीलाही ही कल्पना देऊ नका.

३१ जानेवारी, रविवार
उद्या हजर व्हायचं. हिने शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे. मुलगी फॉर्म भरत बसली आहे, मध्येच गुणगुणते. घरात इतक्या दिवसांनी बरं वाटतंय.
संध्याकाळी हो-साहेबाला फोन केला. म्हटलं, बराच खंड पडलाय, काही वाचून, तयारी करून येऊ का?
तो म्हणाला, काही नको साहेब. तुम्ही नुसते या.