हे पत्र कुणाला दाखवू नकोस

२ मार्च

चि. ठकूस, आजीचे अ. उ. आ.

आधी आले ते जावईबापू. चपला काढायच्या आधीच विचारतात, ठकू अजून शिकतेच आहे का म्हणून. त्यांच्या मागून तुझी आत्या, तोंडावर तोच प्रश्न. मी म्हटलं, बसा तरी. बसले. मग आत्या म्हणते, एकदा वकील झाली ना, मग परत कायदाच कशाला शिकते, पहिल्यांदा नीट कळला नव्हता का? मला इतकं हसू आलं की चहा कपात ओतायचा तो बशीत ओतला. मी ठणकावून सांगितलं, सगळे वकील शिकतात त्याच्या वरचा जो कायदा असतो तो आमची ठकू शिकते, त्याला एलेलेम म्हणतात. बरोबर सांगितलं की नाही ते तू बघ, मला सांगताना मात्र फार बरं वाटलं.

जावईबापू म्हणाले, तिने शब्द दिलाय, यंदा प्रबंध पुरा झाला नाही तर माझ्या ऑफिसात येऊन भाडेकरार लिहीन म्हणून. टेबल रिकामं ठेवलंय म्हणे. मी पाहिलंय ते टेबल. भिंतीकडे तोंड करून आहे.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे टेलरमास्तर उतरले. गळ्यात टेप. माझ्याशी एक शब्द न बोलता वाकले आणि जिन्याखालची जागा मापायला लागले. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, माझे गुडघे गेले, गिऱ्हाईकही वर चढायला कुरकुरतं, आता मशीन इथे मांडणार. जिना माझ्या घरात जातो, म्हणजे जिन्याखालचं माझंच. घ्या! मग इतकी वर्षं तुझ्या आजोबांची सायकल तिथे उभी आहे ती काय अधांतरी? जावईबापू बिस्कीट खात नुसते बघत होते. वकिलाच्या शेजारी ऑफिस आहे म्हणून मिरवतात, वेळेला एक शब्द फुटेल तर शपथ.

आता तुला म्हणून सांगते, कुणालाच सांगितलेलं नाही. तुझे आजोबा शेवटच्या आजारपणात मला म्हणाले होते की मास्तरांचे गुडघे बोलायला लागले की ती जागा त्यांना दे. मी दिलीही असती. पण न विचारता टेप घेऊन आलेल्या माणसाला कशाला सांगू? काय करायचं ते लिहून कळव. फोन नको, फोनमध्ये तुझ्या बोलण्याचा नुसता भुगा होतो. लिहिताना माझ्या हाताला सगळं ठाऊक असतं, वाचताना डोळे दगा देतात. तुझं पत्र नेहमीसारखं वाचून घेईन.

लोभ वाढव म्हणत नाही, आहे तेवढा सांभाळ.

तुझी आजी

९ मार्च

ती. आजीस, ठकूचा सा. न. वि. वि.

आत्याला कृपा करून सांग की मी नापास होऊन परत शिकत नाहीये. आणि तूही लोकांना वरचा कायदा, खालचा कायदा असं काही सांगू नकोस. कायदा तोच, फक्त जास्त खोलात जाऊन शिकायचा. हे मी तुला प्रत्येक पत्रात लिहिते.

त्या खोलातच सध्या बुडते आहे. माझ्या प्रबंधाचा विषय असा, की अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं गुपित वकिलाने कसं आणि कुठवर राखायचं. तिसरं प्रकरण माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दोनदा परत केलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्या समासात एवढंच लिहितात, हे गुपित कुणाचं? पुढे काही नाही. विचारायला गेलं तर चष्म्यावरून बघतात. वीस एप्रिलला प्रबंध गेला नाही तर काकांचं, म्हणजे तुझ्या जावईबापूंचं, ते टेबल आणि ती भिंत. शब्द दिलाय, मागे घेता येणार नाही.

आता जिन्याखालचं. हा माझा पहिला खटला समज आणि एकदा तरी माझं ऐक. सायकल हलवू नकोस. कशावरही सही करू नकोस. मास्तरांकडे त्यांच्या घराचे कागद माग. आणि मुख्य म्हणजे, आजोबा त्या जागेबद्दल काय म्हणाले ते कुणापाशी बोलू नकोस. मास्तरांचे गुडघे गेले की जागा त्यांना दे, हे त्यांच्या कानावर गेलं की आपली बाजू तिथेच कोसळली. माणूस हट्टी आहे. स्वतःच्या टेपपलीकडे त्यांना काही पटत नाही. त्यांनी शिवलेला माझा काळा कोटच घे, डावी बाही उजवीपेक्षा आखूड आहे आणि मास्तर दोन वर्षं म्हणताहेत की माझा हातच लांब आहे.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस. प्रकृतीला जप, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठकू

१५ मार्च

चि. ठकूस, अ. उ. आ.

काय सुरेख पत्र लिहितेस ग! ऐकताना ऊर भरून आला. सही करू नकोस, कागद माग, अगदी कोर्टात उभी असल्यासारखी बोललीस. मास्तरही म्हणाले, पोरगी मुद्द्याचं लिहिते.

हो, मास्तरांनीच वाचलं. माझे डोळे गेल्यापासून तुझी सगळी पत्रं कोण वाचतं? जिन्यावर तिसऱ्या पायरीवर बसतात, मी खाली वेताच्या मोड्यावर. आवाज खणखणीत, एक शब्द गाळत नाहीत. आता भांडण झालं म्हणून वाचन बंद करायचं का? भांडण जागेचं आहे, पत्राचं नाही.

कोटाचं आलं तेव्हा त्यांचा आवाज जरा चढला. त्याच्या आधी आजोबांचं आलं होतं, तिथे मात्र थांबले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि तीच ओळ परत वाचली. मग हे पत्र कुणाला दाखवू नकोस, हेही वाचलं. घडी करून माझ्या हातात दिलं आणि चहा न घेता वर गेले. चहा मी झाकून ठेवला, गार झाला, शेवटी मीच प्यायले.

पुढचं काय ते लवकर लिही. तू लिहिलेलं ऐकायला आम्हा दोघांनाही आवडतं. मायेत कसूर करू नकोस.

तुझी आजी

२० मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

आजी! अग, ज्याच्याशी वाद त्याच्याकडूनच वकिलाचं पत्र वाचून घेतलंस? मी इथे पुस्तकांच्या ढिगात बसून अशिलाचं गुपित कसं राखावं यावर पानंच्या पानं लिहिते आहे, आणि माझी अशील तिसऱ्या पायरीखाली मोडा टाकून ते जाहीर वाचन ऐकते आहे. खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती हसून हसून खाटेवरून खाली आली. मला हसू येत नाहीये.

हे पत्र मुद्दाम जाड पेनाने, वीतभर अक्षरात लिहिलंय. तूच वाच. एका पानावर चार ओळी मावल्यात, कागद संपले माझे.

मास्तर, तुम्ही वाचत असाल तर इथेच थांबा.

आजी, यापुढे एक अक्षर त्यांना कळू देऊ नकोस. डोक्याला हात लावून,

तुझी (तरीही) ठकू

२५ मार्च

चि. ठकूबाई यांस, वरच्या मजल्यावरून आशीर्वाद वि. वि.

आपले मोठ्या अक्षरातले पत्र पोचले. आपण सांगितले त्या ओळीशी मी थांबलो. आपल्या आजी म्हणाल्या, पत्र माझे आहे, पुढे वाचा. पत्र त्यांचे असल्याने वाचले. यात माझा दोष असेल तर आपण शिकलेल्या आहात, कळवावे.

आजोबांच्या त्या बोलण्याची मला कल्पना नव्हती. असती तर टेप घेऊन उतरलो नसतो, आधी विचारले असते. पण ते मला आपल्या खाजगी पत्रातून कळले. तशा रीतीने कळलेल्या गोष्टीवर मी जागा घेणार नाही. हे आजींना सांगितले तर त्या आता उलट बसल्या आहेत. म्हणतात, त्यांच्या माणसाचा शब्द आहे, मशीन खाली आणलीच पाहिजे. काल सायकल त्यांनी स्वतः ओढून बाहेर काढली. मी आत नेऊन ठेवली. आज परत बाहेर आहे. शेजारपाजार बघत असतो. आपण काही समजवाल तर उपकार होतील, माझे तर त्या ऐकत नाहीत.

कोटाबद्दल एवढेच की तो पाठवावा. मी मापतो. मापात चूक निघाली तर बोलावे, नाहीतर बोलू नये.

माझ्याविषयी काही किंतु असल्यास तो मला लिहावा, म्हणजे मलाच मोठ्याने वाचावा लागणार नाही.

आपला,
टेलरमास्तर

३ एप्रिल

ती. आजीस आणि ती. मास्तरांस (आता चोरून काय लिहायचं), सा. न. वि. वि.

तुम्हा दोघांपुढे मी हात टेकले. आधी दोघांना जागा हवी होती, आता दोघांनाही नको. असा खटला माझ्या एकाही पुस्तकात नाही.

वैतागून तुमची आलेली सगळी पत्रं मी मॅडमपुढे ठेवली, म्हटलं, हे बघा, असं घर असल्यावर प्रबंध कसा व्हायचा. त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मास्तरांचं तर दोनदा. मग तोच प्रश्न विचारला, हे गुपित कुणाचं? मी म्हटलं, आजीचं. म्हणाल्या, मग तुझ्या तिसऱ्या प्रकरणात आजी कुठे आहे? सगळा वकीलच वकील आहे, जणू गुपित त्याच्या बापाचं. राखायचं की सांगायचं, कुणापुढे वाचायचं, हे ज्याचं गुपित तो ठरवणार. हे सगळं मी पाठ केलेलं होतं ग, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि तरी प्रकरण लिहिताना सगळ्या किल्ल्या वकिलाच्या कमरेला लावून ठेवल्या.

आता प्रकरण नव्याने लिहिते आहे, सुरुवात जिन्यावरच्या वाचनापासून. नावगाव काही घालणार नाही. पण तुमची गोष्ट तुम्हाला न विचारता मी वापरली तर मीही टेप घेऊन आल्यासारखीच. मॅडमनी सांगितलंय, दोघांची लेखी परवानगी आण, नाहीतर पान काढून टाक. पान काढलं तर प्रकरण पडतं आणि प्रकरण पडलं तर मी पडते. सोबत कोट पाठवते आहे. वीस तारखेला तो घालून मॅडमपुढे उभं राहायचंय, तेव्हा तंटा न करता मापा आणि परत पाठवा. हात जोडून सांगते, उशीर करू नका.

दोघांच्या मायेची आणि सहीची वाट बघणारी,
ठकू

१२ एप्रिल

चि. ठकूस, अ. उ. आ.

मला तर परवानगी कसली द्यायची तेच कळेना. माझी नात माझ्याबद्दल लिहिणार आणि शिकलेल्या बाया ते वाचणार, याला नको कोण म्हणेल? मी सही करून मोकळी झाले. मास्तर अडून बसले. म्हणाले, आधी कोट मापतो, मग सही.

म्हटलं, थांबा, तुमची गाठ कुणाशी आहे ते दाखवते. सायकल परसात नेली, जिन्याखाली जुनं टेबल सरकवलं आणि कोट त्याच्यावर पसरला. मास्तर कोट घ्यायला आले तर मी वर हात ठेवला. सांगितलं, हा माझ्या नातीचा कोट, हा जिना चढणार नाही. मापायचा, उसवायचा, काय करायचं ते इथे. ते म्हणाले, मशीन वर आहे. मी म्हटलं, मशीनला खाली यायला गुडघे लागत नाहीत. असे तापले! म्हणाले, तुम्ही एका हट्टी माणसाला वीट आणलात. वर गेले, दार आपटलं. दुपारभर काही नाही. मी कोटाशेजारी मोडा टाकून बसले ती बसलेच, भात करपला.

उन्हं कलली तशी वरून खडखड ऐकू आली. कोपऱ्यावरच्या सुताराला हाताशी धरून पायरी पायरीने मशीन उतरवत होते. टेप लावला, डावी बाही मापली, उजवी मापली, परत डावी मापली. मग टेप गळ्यात टाकला आणि डावी बाही उसवायला घेतली. मी विचारलं, काय निघालं? तर म्हणाले, दिव्याचा उजेड आडवा येतोय, सरका. सरकले. तू काय ते समज, मी विचारून त्यांना छळलं नाही. म्हणजे एकदाच छळलं.

परवानगी दोघांच्या सहीची आहे, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आहे. माझी सही वाकडी आहे तिला हसू नकोस, ती माझीच आहे. पोचल्याचं लगेच कळव. जीव टांगणीला लागलाय, आणि मास्तरांचाही, ते कबूल करत नाहीत एवढंच.

माझ्या लोभाला उसवण नाही,
तुझी आजी

२१ एप्रिल

ती. आजीस आणि ती. मास्तरांस, सा. न. वि. वि.

प्रबंध गेला! मॅडमनी तिसरं प्रकरण माझ्यासमोर वाचलं. समासात काही लिहिलं नाही, फक्त विचारलं, मशीन अजून खालीच आहे ना? मी म्हटलं, आहे. म्हणाल्या, मग झालं, आणि सही केली. निकाल लागायचाय, पण टेबल आणि भिंत टळली.

मास्तर, दोन्ही हात वर केले, दोन्ही बाह्या सारख्या आल्या. माझा हात लांब नव्हता. मी एवढंच म्हणते, पुढे बोलत नाही.

तुमच्या दोघांच्या कृपेने आणि छळाने तरलेली,
ठकू

२ मे

चि. ठकूस, अ. उ. आ.

तुझं पत्र मास्तरांनी लागोपाठ दोनदा वाचलं. हात लांब नव्हता ही ओळ मात्र दुसऱ्या खेपेला त्यांना दिसली नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही गाळलं, मी पकडलं. आता वाचन जिन्याखालीच होतं, मशीन थांबवून. गिऱ्हाईक असलं तर तेही ऐकतं. कपाळावर आठ्या घालू नकोस, गुपित माझं आहे, तूच लिहिलंस.

काल परत जावईबापू आणि आत्या. आधी आले ते जावईबापूच, पण या वेळी चपला हळू काढल्या. मी लगेच सांगितलं, प्रबंध गेला, टेबल दुसऱ्या कुणाला द्या. म्हणाले, हो हो, छान झालं, आणि आवाज एकदम बारीक केला. ऑफिसातल्या भागीदाराशी काहीतरी बिनसलंय. ठकूला गुपचूप विचारायचं आहे म्हणे, ती त्या गुपितांचंच शिकली ना. टेबल खिडकीकडे फिरवतो असंही म्हणाले. आत्या बघ कशी, मार्चमध्ये विचारत होती परत कायदाच कशाला, आणि काल म्हणते आमची ठकू पहिल्यापासूनच हुशार. मी गप्प बसले. म्हणजे, थोडंच बोलले.

त्यांना सांगितलं, खुशाल लिहा, ठकूच्या पोटात राहतं. ते म्हणाले, उत्तर माझ्या ऑफिसात नको, भागीदार टपाल फोडतो, तुमच्या पत्त्यावर येऊ दे. मी म्हटलं, येऊ दे की. मग काय वाटलं कोण जाणे, विचारतात, पण तुम्हाला तर दिसत नाही, पत्र वाचून कोण दाखवतं?

जिन्याखालची मशीन थांबली.

जावईबापूंनी लिहून आणलेला कागद पुन्हा खिशात घातला. बिस्कीटही अर्धं टाकून उठले. तू मात्र उत्तर तयार ठेव, आणि अक्षर नेहमीचंच बारीक काढ, मोठं अक्षर मास्तरांना आवडत नाही.

माया तशीच राहू दे, आटवू नकोस.

तुझी आजी

ता. क. विचार करून येत्या गुरुवारी परत येतो म्हणून गेलेत.