पारोसं तोंड

आई, आज चूळ भरायच्या आधीच चहा घेतला आणि तुझी आठवण झाली. तू असतीस तर कप हातातून काढून घेतला असतास.

डोंबिवलीच्या खोलीत तुझ्या हिरड्यांतून पू यायला लागला, तेव्हा मी ठाण्याच्या इस्पितळात प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. दाताच्या डॉक्टरांनी दिलेल्या पेनिसिलिनच्या गोळ्या तू दुखेल तेव्हाच चघळायचीस, थांबलं की डबीत ठेवून द्यायचीस. पुढे त्या लागू पडेनात, दात हलायला लागले, आणि डॉक्टर सगळे दात काढायचं म्हणाले. मला ते वाचवायचे होते. तुझे जंतू कुठल्या औषधाला दाद देतात ते मीच तपासणार, असं घरात तोऱ्यात सांगून टाकलं. हिरडीतला पू काचेच्या बशीत पसरायचा, वर औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत ते औषध लागू. पण माझ्या बशीत धड काही उगवायचंच नाही, कारण मी कापसाची काडी घेऊन यायच्या आत तू मीठ-हळदीने तोंड खसाखसा धुतलेलं असायचं. पारोसं तोंड लेकीपुढे उघडायची तुला भारी लाज. मी चिडायचे, तू तोंडाला पदर लावून हसायचीस.

मग एका सकाळी उठून बघते तर तू मागच्या पायरीवर बसलेली. शेगडी पेटलेली नाही, देवपूजा खोळंबलेली, बाबा चहावाचून येरझाऱ्या घालतायत. पारोशाने तू स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतंस. मला पाहून तू डोळे गच्च मिटलेस आणि तोंड उघडलंस. तेव्हा तुझ्याविषयी केवढी माया दाटून आली, ते तुला कधी सांगितलं नाही.

त्या बशीत जंतू पेनिसिलिनच्या टिकलीला अगदी खेटून उगवले. आणखी दोन औषधं होती, त्यांचीही तीच गत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले आणि चपलाही न काढता दारातच बसले.

"नाही ना मेले?" तूच म्हणालीस. "अगं, माझ्याकडे राहून हट्टी झालेत ते. काढू दे दात."

दात गेले. कवळी लावून हसायचीस तेव्हा मला ती दुसरीच कोणी बाई वाटायची.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून सांगते. तू गेल्यावर प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी जंतू साठवलेल्या जुन्या बाटल्या फेकायला सांगितल्या. त्या बशीतले तुझे जंतू मी तेव्हाच एका बाटलीत ठेवले होते, ते फेकले नाहीत. मरू नयेत म्हणून निवृत्त होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा नव्या बाटलीत उतरवत राहिले. कोणी विचारलं तर तुलनेसाठी लागतात म्हणायचे. तुझं जिवंत असं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं, आई.