चंदेरी गाडीवरची जांभळी फुलं

माबोपाने, ९ सप्टेंबर

प्रिय मोथुसीदादा,

आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे वाद नको.

१. १४ जूनला टॅक्सीतळावर रांगेवरून तुझं आणि डिटिरोचं भांडण झालं. तू डिटिरोला गाडीने भिंतीशी चेपलंस. गाडी मागे घेतलीस, पुन्हा चेपलंस. तो मेला.

२. तासाभरात जमावाला तुझ्यासारखीच चंदेरी गाडी दिसली. आत पिटसो होता. त्याला काचेतून ओढून गजांनी मारलं. डावा डोळा गेला. खुनाचा आरोपही त्याच्यावरच आला.

३. १५ला तू माझ्याकडून संगणकावर तुझ्या गाडीचं चित्र करून घेतलंस. कशासाठी, ते मला माहीत नव्हतं.

४. ते तू चौदाच्या संध्याकाळचा फोटो म्हणून पोलिसांना दाखवलंस. त्यांनी गाडी पाहीपर्यंत तू पत्रा ठोकून रंग मारला होतास.

डिटिरोने आधी पाना उगारला, असं तू म्हणतोस. पण दुसऱ्यांदा चेपलंस तेव्हा पाना खाली पडला होता. हे तूच मला पंधराला सांगितलंस, माझ्या खुर्चीमागे उभा राहून. म्हणजे तिसरा मुद्दा खोटा आहे.

"ए शहाणे, ओरखडासुद्धा नको हं," तू म्हणालास.

"इतकी कोरी दिसली तर कोण विश्वास ठेवेल? धूळ लागेल, दादा. दारावर एक पोचाही."

"घ्या! माझ्यापेक्षा तूच पक्की निघालीस."

तुझा हात माझ्या मानेवर होता. नखांत रक्त होतं. मी धूळ घातली.

संगणकातल्या गाडीच्या रंगावर शेवटी पारदर्शक थर येतो आणि त्यात भोवतालचं सगळं उमटतं. भोवताल म्हणून मी नेहमी एकच फोटो लावते, मीच ऑक्टोबरात आमच्या फाटकाशी काढलेला. सवयीने तोच लावला. तुझ्या बॉनेटवर जॅकरांडा जांभळा फुललाय. जूनमध्ये ती झाडं फुलत नाहीत.

जुलैत हे सांगितलं, तर तू माझं डोकं त्याच गाडीच्या दारावर आपटलंस. "तोंड उघडलंस तर भिंती अजून पुष्कळ आहेत." दोन दात गेले. आईला मी जिना सांगितला.

पिटसोची बायको त्यांच्या फाटकाशी मैद्याच्या मग्विन्या तळून विकते. काल म्हणाली, "ताई, तुमचा भाऊ सुटला, बरं झालं. निदान एका घरचा तरी वाचला." मी चार मग्विन्या घेतल्या. खाल्ल्या नाहीत.

२२ला पिटसोचा खटला उभा राहतोय. मूळ चित्र, ऑक्टोबरचा फोटो आणि माझा जबाब त्याच्या वकिलांसाठी तयार आहेत. जबाबात तिसरा मुद्दा खरा लिहिलाय, धुळीसकट. तू स्वतः हजर झालास तर मी तुझ्याबरोबर चालत येईन. नाही आलास तर एकटी जाईन.

येतोस की नाही, एवढंच गुरुवारी, १८ तारखेपर्यंत कळव.

तुझीच बहीण,
ओनालेन्ना